आधी पाय, मग पट्टी

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या जखमी खेळाडूला मी लाथ मारली. कमरेत. बूट घातलेल्या पायानं. समोर मांडवात पाहुणे बसलेले, लाउडस्पीकरवर माझं नाव आणि माझी पदवी नुकतीच चुकीची सांगून झालेली, आणि मी धावत जाऊन त्या पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेवर डावा पाय हाणला.

याचा खुलासा करायला मला अख्खी नोकरी पुरली नाही. इथं पुन्हा एकदा प्रयत्न करते.

त्या वेळची मी कशी होते ते आधी डोळ्यांपुढं आणा. लांबसडक वेणी नुकतीच कापलेली. दूर दुसऱ्या राज्यात राहून खेळाडूंच्या दुखापतींचा अभ्यासक्रम पुरा केलेला, त्यामुळं भंडारा जिल्ह्यात आपल्याएवढं शहाणं कोणी नाही ही खात्री. गळ्यात शिट्टी. ट्रेनरला शिट्टीचं काहीएक काम नसतं, पण ती मला शोभते असं मला वाटायचं. खांद्यावर कोरी बॅग, तिच्यात चिकटपट्टीची रिळं, कात्री, कापूस, गार फवाऱ्याचा डबा. बॅगेची चेन एका झटक्यात उघडता यावी म्हणून मी आरशासमोर सराव केला होता. थट्टा नाही, खरंच केला होता.

सामना जिल्ह्याच्या कबड्डी संघाचा. कॅप्टन नामदेव आमच्याच गल्लीतला, विणकराचा मुलगा. आमच्याही घरी हातमागच होते, तेव्हा तो मला लहानपणापासून ओळखायचा. चढाईवरून परत वळताना त्याच्या कमरेत उसण भरली आणि तो जागच्या जागी आडवा झाला. मी पोचले. मला शिकवलं होतं की आधी विचारायचं, मग बघायचं, मग हात लावायचा, आणि हलवायचं सगळ्यात शेवटी. मी विचारायला तोंड उघडलं.

नामदेव कण्हत म्हणाला, “अवो ताई, विचारून काय राह्यली? पाय लाव ना!”

आणि माझा पाय उठला.

झालं असं की मी पायाळू. जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. अशा माणसाचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडं घरोघर मानतात. माझी आई सांगायची की मी तान्ही असताना सकाळी सकाळी लोक कंबर धरून दारात यायचे; मी झोपलेली असायची, मग आई हळूच माझा पाय उचलून त्यांच्या पाठीला लावून पुन्हा पांघरुणात ठेवायची. मला जाग यायच्या आत माझे दोन-तीन पेशंट झालेले असायचे. मोठी झाल्यावर मला याची इतकी लाज वाटू लागली की मी ठरवलं, आपण माणसं बरी करू ती डोक्यानं, पायानं नव्हे. त्यासाठी तर एवढ्या लांब शिकायला गेले. घरच्यांशी भांडून गेले. आणि परत येऊन पहिल्याच दिवशी, पहिल्याच माणसाला, लाथ.

वाईट याचं की नामदेव उठला. “सुटली!” म्हणून ओरडला, दोनदा वाकून पाहिलं आणि पुढची चढाई करायला गेला. टाळ्या वाजल्या. मी बॅग बंद करायला गेले, तर ती उघडलीच नव्हती.

त्याला बरं कशानं वाटलं, हे मला आजही सांगता येत नाही. मध्यंतरी हाडांच्या एका डॉक्टरांना मी भीत भीत विचारलं. ते पोटभर हसले. म्हणाले, “स्नायू आखडतो तसा कधी कधी आपोआप सुटतो. तुम्ही नुसतं ‘भूत आलं’ म्हणाला असतात तरी सुटला असता.” मला हायसं वाटलं. मी उठून दारापर्यंत गेले, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “तुम्ही अजून लावता का पाय? आमच्या आईला फार त्रास आहे.”

आता माझं काम काय होतं, ते सांगते. तेही कोणाला कधी धड कळलं नाही. ट्रेनर म्हटलं की लोकांना वाटतं वजनं उचलायला लावणारा. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगत, “खेळाच्या डॉक्टरीण हायेत.” गावात मला मालिशवाली म्हणत, पट्टीवाली म्हणत, बरफवाली म्हणत. बर्फ आणायला मी मासळीवाल्याकडं जायची, कारण आमच्या खेड्यापाड्यांत उन्हाळ्याच्या दुपारी खात्रीनं बर्फ मिळण्याची ती एकच जागा. त्यामुळं आमच्या संघाच्या गुडघ्यांना कायम मासळीचा वास. समोरचा संघ नाक धरायचा. नामदेव म्हणायचा, “ताई, असंच राहू दे, पकड ढिली होते त्यायची.”

डॉक्टर असतो तो दवाखान्यात. कोच असतो त्याला सामना जिंकायचा असतो. या दोघांच्या मध्ये मैदानाच्या कडेला एक माणूस असतं, त्याला फक्त एवढंच बघायचं असतं की आज आलेली सगळी माणसं आपापल्या पायांवर घरी जातात की नाही. ते माणूस म्हणजे मी. सामन्याआधी घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, अंग गरम करून घ्यायचं. कोण पाणी पीत नाही, कोण काल तापानं फणफणला होता आणि आज लपवतोय, ते ओळखायचं. कोणी पडला तर तो खेळेल की बसेल, हे तिथल्या तिथं सांगायचं आणि त्याबद्दल शिव्या खायच्या. त्यानंतर कित्येक महिने त्या पायाकडून, त्या खांद्याकडून रोज थोडं थोडं काम करून घ्यायचं. त्याला टाळ्या नसतात. सामना मी आयुष्यात पाहिला नाही. मी पाय पाहिले, गुडघे पाहिले, उडी मारल्यावर कोण कसा टेकतो ते पाहिलं. घरी आले की नवरा विचारायचा, “कोण जिंकलं?” मला माहीत नसायचं. त्याला वाटायचं मी मैदानावर जातच नाही, कुठंतरी मैत्रिणीकडं बसते.

माझी नात मिनू आता नागपूरला फिजिओथेरपी शिकते. ती परवा विचारत होती, “आजी, तू नक्की काय होतीस?” मी म्हटलं, “तुला कळलं की मलाही सांग.”

कारण सांगितलं तेवढं सोपं ते राहिलं नाही. त्या लाथेची बातमी माझ्या आधी गावोगाव पोचली. मी घोट्याला पट्टी बांधायला बसले की मागं रांग लागायची, आणि रांगेत खेळाडू एकही नसायचा. रोवणीच्या दिवसांत तर विचारूच नका. दिवसभर चिखलात वाकून धान रोवायचं, मग संध्याकाळी कमरा धरून बाया-माणसं माझ्या दारात. “बाई, पाय लावून द्या जी.” मी समजावून सांगायची, पाय लावून काही होत नसतं, कंबर अशी वापरा, अशी ताणा. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “बरं, आता पाय लावा.”

मग मी एक बदमाशी काढली. पाय फुकट, पण असा लगेच नाही. आधी मी सांगेन तो व्यायाम रोज करायचा, माझ्यासमोर करून दाखवायचा, तो नीट जमला की मग पाय. जमेपर्यंत बहुतेकांची कंबर बरी झालेली असायची. पण ठरल्याप्रमाणं पाय लावावाच लागायचा, आणि गुण आला तो पायाचा, हे सगळ्यांना मान्य असायचं. व्यायामाला कोणी विचारायचं नाही. मला आधी याची मजा वाटायची, नंतर राग येऊ लागला, आणि नंतर नंतर तर मला स्वतःलाच कळेना की ही माणसं माझ्याकडं येतात ती कशासाठी, आणि मी त्यांना फसवते आहे की ती मला.

याच रांगेत सिहोऱ्याकडचे श्रावणदादा आले होते. धानाचे शेतकरी, बोलायला एकदम ठणठणीत. त्यांच्याकडून मी जमिनीवर उताणं झोपवून गुडघे छातीशी घेण्याचा व्यायाम करून घेतला. ते सगळा वेळ पुटपुटत होते, “काहून पोट्ट्यासारखं लोळवून राह्यल्या जी मले?” बरे झाले. पाय लावून घेऊन, पायाला नमस्कार करून गेले. गजानन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. पंचविशीतला, लग्न नुकतंच झालेलं. आमच्या भागात त्याच्यासारखी चढाई करणारा दुसरा नव्हता.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की कबड्डी आलीच. नाकाडोंगरीच्या पलीकडं एका गावात सामने होते. दुपारची वेळ. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, ट्रॅकसूटमध्ये जेमतेम मावणारी, पण शहाणपणा बराचसा कमी झालेली. मैदान मातीचं, चुन्याच्या फक्कीच्या रेघा नुकत्याच मारलेल्या. गजानन चढाईला गेला. तिघांनी त्याला धरलं, तरी तो त्यांना ओढत मधल्या रेघेकडं झेपावला, डोकं खाली घालून. त्याच क्षणी चौथा त्याच्या पाठीवर कोसळला. डोकं आधी जमिनीला लागलं आणि अंग त्याच्यावरून पलटी खाऊन गेलं.

बाकीचे उठले. तो उताणा पडून राहिला.

मी गेले ती सरळ त्याच्या डोक्यामागं पालथी पडले, दोन्ही कोपरं मातीत रोवली आणि दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं जसं होतं तसं धरलं.

“गजानन, मान हलवू नको. हो म्हणायचं असलं तरी तोंडानं म्हण.”

“हो जी.”

“काय होतंय?”

“मान लय दुखते. अना हातात मुंग्या येऊन राह्यल्या.”

पायाची बोटं हलवायला सांगितली. हलली. थोडीशी, पण हलली.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. मानेच्या मणक्यांच्या पोकळीतून एक दोर खाली जातो, त्याच्यावर आपले हात-पाय सगळे टांगलेले असतात. मणका मोडला तरी दोर शाबूत असू शकतो. पण मोडलेल्या मणक्याच्या माणसाला कोणी खांद्याला धरून बसवलं, कोणी मान वर करून पाणी पाजलं, की मोडलेल्या हाडाचं टोक दोरात घुसतं. मग मानेखालचं सगळं गेलं, आणि ते परत येत नाही. गजाननचा मणका मोडला होता की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. म्हणून मोडलाच आहे असं धरून चालायचं आणि गाडी येईपर्यंत त्याला तसूभर हलू द्यायचं नाही. एवढंच काम होतं. सगळ्या शिक्षणाचं सार काय, तर काही न करणं.

आणि माझ्याभोवती अख्खं गाव काहीतरी करायला धावत आलं होतं.

“उचला, उचला, सावलीत न्या!”

“पानी पाजा त्याले आधी!”

“बसवा, बसवा, वारा घाला!”

मी ओरडून सांगत होते, मानेला मार आहे, हलवलं तर पोरगा लुळा पडेल, एकशेआठला फोन करा. फोन कोणीतरी केला. बाकीचं कोणी ऐकलं नाही. एकानं तर त्याचा पाय धरलासुद्धा. तेवढ्यात गर्दी फोडून श्रावणदादा आले, मुलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“बाई तं हायेतच! लावा बाई, पाय लावा!”

“दादा, ही कंबर नाही, मान आहे.”

“पाय तं तोच हाय ना!”

“नाही लावता येत, दादा. मोडली असेल मान.”

“माया कमरेले लावला तवा उठलो का नाही मी? मंग माया पोराले काहून नाही?” त्यांचा आवाज फाटला. “बाई, एकच पोरगा हाय जी मले. हात जोडतो.”

गर्दीनं ते उचललं. पाय, पाय, पाय, असा नुसता घोष सुरू झाला. वर तो माइकवाला. त्याला लांबून काय दिसलं कोण जाणे, तो सुरू झाला: “पायाळू मॅडम मैदानात उपस्थित आहेत. त्या आता पाय लावतील. प्रेक्षकांनी कृपया शांतता राखावी.”

आणि मला शपथेवर सांगायचं तर, त्या वेळी मला पहिल्यांदा नीट उमगलं की मी काय करून ठेवलंय. त्या पहिल्या लाथेपासून या घोषापर्यंत सरळ रस्ता होता, आणि तो माझ्याच पायानं मळलेला होता. एवढी वर्षं हसत हसत पाय लावत आले, त्याची ही वसुली. कोणीतरी मला बाजूला सारून त्याला पालथा केला असता, माझा पाय धरून त्याच्या मानेवर ठेवला असता, तर मी एकटी काय करणार होते? माझे दोन्ही हात गुंतलेले. खरं सांगून झालं होतं. खऱ्याचा उपयोग झाला नव्हता.

मग मी ओरडले, “लावते! पाय लावते! पण आधी सगळे ऐका!”

घोष थांबला.

“मानेचा पाय वेगळा असतो. आधी पायाळूचे हात लागतात. माझे हात लागलेत. आता मधी दुसऱ्या कोणाचा हात लागला, की सगळा गुण उतरला. कोणी शिवायचं नाही. पाणी द्यायचं नाही. आणि दवाखान्याच्या गाडीतली लोखंडी पाटी पाठीखाली सरकल्याशिवाय पाय लागू होत नाही.”

हे माझ्या तोंडून कुठून आलं, मला माहीत नाही. कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही आजीनं सांगितलेलं नाही. पण अशी शांतता पसरली की गजाननचा श्वास मला ऐकू येऊ लागला. ज्यानं पाय धरला होता त्यानं तो चटका बसल्यासारखा सोडला. श्रावणदादांनी तर फक्कीची बादली उचलली आणि मुठी मुठीनं आमच्याभोवती गोल रिंगण घातलं. “याच्या अंदर कोनी आला तं पाहा मंग,” म्हणाले, आणि स्वतः रिंगणाच्या बाहेर राखण करत उभे राहिले. बापानंसुद्धा मुलाला हात लावला नाही.

गाडी तुमसरहून यायची होती. किती वेळ गेला ते विचारू नका. मी गजाननशी बोलत होते, धानाबद्दल, बायकोबद्दल, त्याच्या म्हशीबद्दल. तो तोंडानं हो जी, नाही जी करत होता. गाडी आली. आतली दोन माणसं कामाची जाणकार होती, त्यांनी मानेला पट्टा बांधला आणि पाटी नीट सरकवली. आता निघायचं, तर श्रावणदादा गाडीच्या दारात आडवे.

“बाई, पाय.”

मी बूट काढला. इतका वेळ पालथी पडून माझे गुडघे असे धरले होते की पाय वर उठेना. मग दोघांनी मला दंडाला धरून उभं केलं, आणि मी अंगठा त्या लोखंडी पाटीच्या कडेला टेकवला. पोराला नाही, पाटीला. माझ्या सगळ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात हलका पाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नागपूरला फोटो निघाले. मानेचा मणका मोडलेला होता. दोर शाबूत होता. शस्त्रक्रिया झाली, पुढं कित्येक महिने मी दर आठवड्याला सिहोऱ्याला जाऊन त्याचे हात, खांदे हळूहळू कामाला लावले. कबड्डी सुटली, ती सुटलीच. पण तो चालत घरी गेला. डॉक्टर श्रावणदादांना म्हणाले, “जागचं हलवलं नाही म्हणून मुलगा वाचला.” श्रावणदादांनी ते गावात येऊन असं सांगितलं: “बाईनं कोनाले हात लावू देल्ला नाही, म्हनून पायाचा गुण टिकला.”

दोन्ही वाक्यं मी पुष्कळदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आता तुम्हीच सांगा, यात खोटं कुठं आहे? मला सापडत नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटते.

ती भीती खरी ठरली. पुढं काही काळानं त्याच पट्ट्यातल्या एका सरपंचाचा फोन आला, मोठ्या आनंदात. “मॅडम, तुमचा नियम आमी पाळतो बरं का!” कुठला नियम? तर ट्रॅक्टरवरून एक माणूस पडला होता, मांडीला पत्रा लागून रक्त वाहत होतं. लोकांनी भोवती फक्कीचं रिंगण घातलं, एकशेआठला फोन केला, पायाळू शोधायला माणूस पाठवला, आणि हात लावला नाही. सगळे शिस्तीत उभे, आत रक्ताचं थारोळं. शेवटी भाजी विकायला आलेली एक बाई टोपली टाकून आत शिरली आणि पदर गुंडाळून जखमेवर बसली. अक्षरशः बसली. माणूस वाचला. सरपंच म्हणाले, “नियम मोडला तिनं, पन बाहेरगावची होती, तिले मालूम नव्हतं.”

एका गर्दीला थोपवायला मारलेली थाप होती ती. ती रीत होऊन बसेल, असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. गजाननच्या वेळी खरं बोलत राहिले असते, तर कदाचित तो आज खाटेवर असता. थाप मारली, तर हा दुसरा माणूस फक्कीच्या रिंगणात रक्त जाऊन मेला असता. बरोबर काय होतं? मिनू म्हणते, “आजी, दोन्ही वेळी लोकांना आधीपासून शिकवलेलं असायला हवं होतं.” पोरगी हुशार आहे. तिच्या वयात मीही अशीच बरोबर होते.

तेव्हापासून निवृत्तीचे दिवस मी यातच घालवते. ती जुनी बॅग घेऊन त्या पट्ट्यातल्या गावांत जाते, शाळेच्या मैदानावर एखाद्याला झोपवते आणि करून दाखवते. मानेवर पडला असेल तर हात लावू नका, डोकं धरून ठेवा. रक्त येत असेल तर दाबा आणि दाबलेला हात काढू नका. श्वास थांबला असेल तर काय ते दाखवते. लोक मन लावून बघतात. शेवटी हमखास एक हात वर होतो: “मंग बाई, पायाळू पाहिजे का नको?”

पहिल्यांदा मी ठामपणे नको म्हटलं. लोकांची तोंडं पडली आणि पुढचं कोणी ऐकेना. आता म्हणते, “सापडला तर आणा. गर्दी मागं सारायला कामी येतो.” याचं उत्तर हे नव्हे, मला ठाऊक आहे. माझ्याकडं तूर्त हेच आहे.

या उन्हाळ्यात गजानन आला होता, मोटारसायकलवर नव्या चिन्नोर तांदळाची थैली बांधून. आता शेती बघतो, दोन मुलं आहेत, गावच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. मिनूही सुट्टीला आलेली. तिला मी तो प्रसंग रंगवून सांगत होते. अंगणात पालथी पडून दाखवायचं तेवढं बाकी होतं. म्हटलं, “गाव ओरडत होतं, बाप रडत होता, पण माझे हात? दगड. गाडी येईपर्यंत केसाएवढे हलले नाहीत. ट्रेनरचं हेच तर खरं शिक्षण. विचार याला.”

मिनूनं गजाननकडं पाहिलं. त्यानं चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला:

“मॅडम, रागावू नोका जी. तुमचे हात लय कापत होते. माया कानापाशी तुमच्या बांगड्या वाजून राह्यल्या होत्या. मी मनात म्हनलो, गज्या, ह्या बाई पह्यलेच घाबरून राह्यल्या, आता तू हालला तं ह्या रडतीन. म्हनून हाललोच नाही जी मी.”